सालबर्डीचा नदीकाठ खणू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाशिवरात्र जवळ आली की सालबर्डीच्या यात्रेच्या बातम्या आपल्या दैनिकात आवर्जून येतात. जादा एसटी गाड्या, पाण्याची सोय, गुहेकडे जाणाऱ्या वाटेवरची गर्दी या सगळ्याची दखल घेतली जाते आणि ती घ्यायलाच हवी. परंतु त्याच सालबर्डीत, त्या वाटेपासून फार लांब नाही अशा नदीकाठावर डायनोसॉरचे अवशेष असलेले जे खडक उघडे पडलेले आहेत, त्यांच्याविषयी आपल्या भागातल्या माणसांना जवळजवळ काहीच सांगितले गेलेले नाही. मी मोर्शी तालुक्यात वाढलो, आयुष्यभर भूगोल शिकवला आणि दर हिवाळ्यात मुलामुलींना घेऊन या काठाने चालत आलो. गेल्या दोन-तीन वर्षांत तिथे जी खोदाई दिसू लागली आहे ती पाहून गप्प राहणे मला जमत नाही, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

सालबर्डी हे सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याचे गाव. निम्मे महाराष्ट्रात, निम्मे मध्य प्रदेशात. अमरावती आणि बैतूल जिल्ह्यांची हद्द गावातूनच जाते. गाविलगडच्या डोंगररांगेतून उतरणारी नदी इथे मैदानात येते. आम्ही तिला माडू म्हणतो, भूवैज्ञानिकांच्या लेखांत तिचे नाव मारू असे दिसते. मोर्शीकडून येताना पायाखाली आपला नेहमीचा काळा कातळ असतो, म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीतून वाहून आलेला लाव्हा. गाव ओलांडून डोंगराकडे सरकले की दगडाचा रंग आणि पोत बदलतो. आधी ग्नाइस लागतो, पांढऱ्या-करड्या पट्ट्यांचा, वय अब्ज वर्षांहून अधिक. त्याच्यावर गोंडवना या जुन्या गाळाच्या थरांच्या गटातला वालुकाश्म. त्याच्यावर लॅमेटा थरांची हिरवट, पांढुरकी, जागोजागी तांबूस झालेली माती, वाळूचा दगड आणि चुनखडक. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, डोंगराच्या वरच्या अंगाला, पुन्हा तोच काळा कातळ.

हे वाचताना अनेकांच्या लक्षात येणार नाही की यात काहीतरी चुकल्यासारखे आहे. जुना थर खाली आणि नवा वर, हा नियम शाळेतले मूलही सांगते. मग पायथ्याला, सर्वांत खालच्या पातळीवर, सर्वांत नवा असलेला काळा कातळ कसा, आणि त्याच्याहून कितीतरी जुना ग्नाइस त्याच्या शेजारी उंचावर कसा? याचे उत्तर म्हणजे गाविलगडचा प्रस्तरभंग. सातपुड्याच्या दक्षिण कडेने पश्चिम-नैर्ऋत्येकडून पूर्व-ईशान्येकडे जाणाऱ्या या भंगरेषेवर उत्तरेकडचा भाग वर राहिला आणि दक्षिणेकडचा खाली गेला. खाली गेलेल्या बाजूला पूर्णा नदीने शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला, तोच आपला पूर्णेचा सपाट प्रदेश. वर राहिलेल्या बाजूला नदी-नाल्यांनी लाव्ह्याचे आवरण कापून काढले आणि त्याच्याखाली दडलेले थर उघडे पडले. चिखलदऱ्याला जाताना मैदानातून एकदम भिंतीसारखा उभा राहणारा डोंगर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्या भिंतीची सरळ रेषा पावसापाण्याने आखलेली नाही. ती आधी जमिनीत पडलेल्या भेगेची रेषा आहे.

भूविज्ञानात हा भंग आजचाही नाही आणि लाव्ह्याच्या काळातलाही नाही. पूर्वेला बैतूल आणि छिंदवाड्याच्या बाजूला याच पट्ट्यातले अतिप्राचीन खडक खोलवरच्या दाबाखाली अक्षरशः पिठासारखे दळले गेलेले आणि ताणून पट्ट्यापट्ट्यांचे झालेले आढळतात. म्हणजे ही जागा पृथ्वीच्या कवचातली फार जुनी दुबळी जागा आहे, जी वेगवेगळ्या युगांत पुन्हा पुन्हा हलली. सालबर्डीजवळचे गरम पाण्याचे झरे, ज्यांचा संबंध आपली माणसे सीतेच्या न्हाणीशी जोडतात, ते याच भेगाळलेल्या पट्ट्यावर आहेत. खोलवर मुरलेले पाणी तापते आणि भेगांच्या वाटेने वर येते. झऱ्यांची श्रद्धेची कथा आणि त्यांची भूवैज्ञानिक कथा एकाच ठिकाणी उभी आहे, आणि मला त्यात कधी विरोध वाटला नाही.

वर्गात प्रस्तरभंगाची आकृती फळ्यावर काढून मी कंटाळलो होतो. एका वर्षी नदीच्या वळणावर एक उभा, चकाकता दगडी पृष्ठभाग सापडला. मुलांना म्हटले, हात फिरवून बघा. एका दिशेने तळवा फिरवला की घोटलेल्या काचेसारखा गुळगुळीत लागायचा. उलट दिशेने फिरवला की बोटांना बारीक पायऱ्या अडायच्या. एक खडक दुसऱ्यावर घासत सरकला तेव्हा त्याच्या अंगावर हे ओरखडे आणि या पायऱ्या उमटल्या, आणि ज्या दिशेने हात सुरळीत जातो त्या दिशेने, साधारणपणे, पलीकडचा भाग सरकलेला असतो. त्या दिवशी एका मुलीने विचारले, "सर, हे पुन्हा सरकेल का?" मी तिला खरे तेच सांगितले. सातपुडा-नर्मदा पट्टा शांत नाही. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात ६.३ तीव्रतेचा भूकंप झालेला आहे, २२ मे १९९७ ला जबलपूर हादरले, आणि २०१८ च्या पावसाळ्यात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीची माणसे घराबाहेर झोपत होती. हे सगळे गाविलगडच्याच भेगेवर घडले असे मी म्हणत नाही, पण याच मोठ्या पट्ट्यात घडले. ज्या जमिनीवर आपण राहतो तिचा स्वभाव मुलांना हाताने कळावा, यापेक्षा चांगला धडा कोणता?

आता लॅमेटा थरांकडे येतो, कारण खरी काळजी त्यांचीच आहे. क्रिटेशस कल्प सुमारे १४.५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला. सालबर्डीच्या पायथ्याला त्याची दोन टोके दिसतात. बैरम-बेलखेडच्या बाजूला गोंडवना गटाच्या वरच्या थरांत वनस्पतींचे ठसे मिळतात, सायकसची आठवण करून देणाऱ्या टिलोफायलमसारख्या वनस्पतींचे. ते क्रिटेशसच्या आरंभीचे. लॅमेटा थर अखेरच्या पर्वातले आहेत, लाव्ह्याचा पूर येण्याच्या जरा आधीचे. त्यांचे नाव जबलपूरजवळच्या लमेटाघाटावरून पडले. जबलपूरलाच १८२८ मध्ये स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला हाडे सापडली आणि आशिया खंडातल्या डायनोसॉरचा तो पहिला शोध ठरला. आपल्या विदर्भाचा वाटाही कमी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला निघालेल्या सांगाड्याचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज जग त्याला इसिसॉरस म्हणून ओळखते. त्याच भागातल्या पिजदुऱ्याच्या विष्ठाश्मांत, म्हणजे दगड झालेल्या शेणात, गवताचे सूक्ष्म अंश आढळले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होते हे २००५ मध्ये सिद्ध झाले. त्याआधी शास्त्रज्ञांचा समज वेगळा होता.

सालबर्डीचे नाव या मालिकेत उशिरा आले. अमरावती विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये इथल्या लॅमेटा थरांतून डायनोसॉरच्या पुढच्या पायाचे हाड मिळाल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर अंड्यांच्या घरट्याचीही नोंद केली. म्हणजे ते प्राणी इथून नुसते जात नव्हते. या मातीत ते अंडी घालत होते. ज्या मातीत त्यांनी अंडी घातली ती कशी होती, हेही तो दगडच सांगतो. लॅमेटामध्ये चुन्याचे गोटे आणि गाठी आहेत. आपल्या संत्रा बागायतदारांना चुनखडीची जमीन चांगली ठाऊक आहे. अशा जमिनीत संत्र्याची पाने पिवळी पडतात आणि झाड खंगते. पाऊस बेताचा आणि ऊन कडक असले की जमिनीतले पाणी वर खेचले जाऊन आटते आणि चुना मागे राहून त्याचे खडे बनतात. आज आपल्या शेतात जे घडते तेच साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी सालबर्डीत घडत होते: नद्यांचे उथळ प्रवाह, मधूनमधून तळी, दोन पावसांमध्ये भेगाळणारी जमीन. ज्या शेतकऱ्याने आपल्या बांधावरचे चुन्याचे खडे वेचलेले आहेत, त्याला लॅमेटाचा थर समजावून सांगायला मला कधी दहा मिनिटांहून अधिक लागली नाहीत.

सालबर्डीच का, असे कोणी विचारील. कारण महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या कातळाने झाकलेला आहे. लाव्ह्याचे थर काही ठिकाणी हजार मीटरहून जाड आहेत. त्यांच्याखाली क्रिटेशस काळाची जी जमीन होती, तिच्या नद्या, तिची तळी, तिचे प्राणी, ते सगळे कुलूपबंद आहे. पूर्वेला नागपूर-चंद्रपूरकडे जिथे कातळाची कड संपते तिथे ते दिसते, आणि गाविलगडच्या पायथ्याशी जिथे भंगाने जमीन उचलून धरली तिथे दिसते. पश्चिम विदर्भाला अशी खिडकी दुसरीकडे सहज मिळणार नाही. शिवाय ग्नाइस, गोंडवना, लॅमेटा, कातळ आणि त्यांना कापणारा भंग, हे सगळे अर्ध्या दिवसाच्या चालीत पाहता येते, यासाठी ना महागडे साहित्य लागते ना दूरचा प्रवास. परतवाड्याच्या, वरुडच्या, मोर्शीच्या मुलांना एसटीच्या तिकिटात हे मिळते.

आणि आता तक्रार. गेल्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा नदीकडे उतरणाऱ्या एका उताराचा पांढुरका-हिरवट भाग जेसीबीने कापून नेलेला होता. वाट रुंद करायला भराव हवा होता आणि ही माती मऊ, उकरायला सोपी, हाताशी असलेली. ज्यांनी काम केले त्यांच्याशी मी तिथेच बोललो. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि अगदी मनापासून सांगितले की ही तर नुसती पांढरी माती आहे. त्यांना दोष देऊन काय उपयोग? तिथे एकही फलक नाही, कागदोपत्री त्या उताराची कुठे नोंद नाही, काम देणाऱ्यांनी त्यांना काही सांगितलेले नाही. भरावाच्या ढिगात मला अंगठ्याच्या नखाएवढा एक कपचा मिळाला. एका बाजूने गोल फुगीर, त्यावर बारीक दाणे उठलेले, कडेला भिंगातून पाहिले तर एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या पंख्यांसारखी रचना. तो अंड्याच्या कवचाचा तुकडा होता असे मी खात्रीने म्हणणार नाही, ते ठरवणे तज्ज्ञांचे काम आहे. पण तो जर तसा असेल, तर तो कोणत्या थरातून, किती उंचीवरून, कोणत्या बाजूला तोंड करून आला हे आता कधीच कळणार नाही. थरातून सुटलेला जीवाश्म म्हणजे वहीतून फाडलेले पान. अक्षरे वाचता येतात, पण आधी काय आणि नंतर काय ते जाते.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती प्रत्येक बागायतदाराच्या जिव्हाळ्याची आहे. डोंगरातून वेगाने उतरणारे नाले पायथ्याशी येऊन मंदावतात आणि गोटे, जाडी वाळू, भरड तिथेच टाकतात. पायथ्याच्या या गोट्यांच्या पट्ट्याला भूजल क्षेत्रातली माणसे बजाडा म्हणतात. जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरच्या केळीबागांच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला तो प्रसिद्ध आहे. हा पट्टा पावसाचे आणि नाल्याचे पाणी चाळणीसारखे पितो आणि खालच्या विहिरींना देतो. वरुड-मोर्शीत बोअर शेकडो फूट खोल गेले तरी कोरडे निघतात, बागा टँकरवर जगवाव्या लागतात, हे आपल्याच दैनिकाने वारंवार छापलेले आहे. त्याच वेळी पायथ्याच्या नाल्यांतून गोटे आणि वाळू भरून वाहने जातात. बोअर कुठे घ्यावा यासाठी हजारो रुपये मोजणारा शेतकरी, आपल्या गावाच्या वर असलेली चाळणी उचलून नेली जात असताना, गप्प बसतो, कारण तिचा आणि आपल्या विहिरीचा संबंध त्याला कोणी समजावलेला नाही. दक्षिणेला पूर्णेच्या गाळात खारपाणपट्टा असल्याने गोड पाण्यासाठी या पायथ्याचे मोल आणखीच जास्त आहे.

लोणारचे विवर राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान उभे राहिले. शेजारच्या मध्य प्रदेशाने धार जिल्ह्यात बाग गावाच्या परिसरात डायनोसॉर जीवाश्मांचे राष्ट्रीय उद्यान केले; त्याच भागातून ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गुजरातेत रैयोलीला संग्रहालय आहे आणि तिथे शाळांच्या सहली येतात. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या रक्षणासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, परंतु मसुद्याने जेसीबी थांबत नाही. तोवर जे हातात आहे ते करायला हरकत नसावी.

माझी मागणी मोठी नाही. सालबर्डीला संग्रहालयाची इमारत लगेच उभी करा असे मी म्हणत नाही. पायाच चुकीच्या जागी खणला तर तेच नुकसान होईल. आधी विद्यापीठाच्या आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या माणसांनी नदीकाठावर चालून, थर कुठून कुठवर आहेत, हाड आणि घरटे कुठे मिळाले, भंगाचा पृष्ठभाग कुठे उघडा आहे, हे गावकऱ्यांच्या देखत आखून द्यावे. तेवढा टापू ग्रामपंचायत, वनविभाग आणि महसूल या तिघांच्या कागदावर चढावा, आणि हद्द दोन राज्यांची असल्याने अमरावती आणि बैतूल या दोन्ही जिल्ह्यांनी तो एकत्र चढवावा. एका राज्याने जपले आणि दुसऱ्याने खणले तर उपयोग नाही. थराला हद्द कळत नाही. त्या टापूत माती, मुरूम, गोटे काहीही काढू नये आणि घाट बांधायचा असेल तर सिमेंटची भिंत भंगाच्या पृष्ठभागावर चढवू नये. मराठी आणि हिंदीत चार फलक लावावेत, सोप्या भाषेत, चित्रांसह. नवीन काही सापडलेच तर ते कोणाकडे द्यायचे त्या व्यक्तीचा फोन नंबर फलकावर असावा. आणि मिळालेली हाडे-अंडी कुठे ठेवली आहेत ते मुलांना अमरावतीतच पाहता यावे. डोंगरगावचे हाड पाहायला चंद्रपूरच्या मुलाला कोलकात्याला जावे लागते, तशी वेळ आपल्यावर येऊ नये.

यात्रेला याने काही बाधा येईल अशी शंका काही गावकऱ्यांनी माझ्याकडे बोलून दाखवली. ती रास्त आहे. संरक्षण म्हटले की तारेचे कुंपण आणि प्रवेश बंद, असा अनुभव आपल्याकडे अनेक ठिकाणी आलेला आहे. लाखो पावले त्या वाटेने गेली तरी खडकाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते एका दिवसाच्या खोदकामाने. वाट तिथेच राहावी, यात्रा तशीच भरावी, भरावासाठी माती मात्र दुसरीकडून आणावी. उलट गुहेकडे जाणाऱ्या भाविकाला वाटेत थांबून आपण कोणत्या जमिनीवरून चालतो आहोत हे वाचायला मिळाले, तर त्याची यात्रा उणी होणार नाही. आमच्या सहलीत दोनदा वारकरी मंडळी थांबून ऐकत होती, आणि त्यांच्यातल्या एका आजोबांनी लॅमेटाच्या थराला हात लावून कपाळाला लावला होता.

यंदाच्या पावसाळ्यात नदी तो कापलेला उतार आणखी खाली ओढील. आखणीचे काम पाऊस सुरू होण्याआधी झाले तर उरलेल्या भागाची नोंद तरी राहील. आपल्या दैनिकाचा वार्ताहर आणि छायाचित्रकार तिथे जाणार असतील तर मी त्यांच्याबरोबर यायला तयार आहे. तो नखाएवढा कपचा मी कागदात गुंडाळून, मिळाल्याची जागा आणि तारीख लिहून, विद्यापीठाकडे देण्यासाठी ठेवला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
ता. मोर्शी, जि. अमरावती